थापी आणि ओळंबा

बांधकामावर बाईनं घमेलं उचलायचं आणि पुरुषानं थापी चालवायची, ही वाटणी जुनीच. किल्लारी परिसरात ती हलली, ती ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर.

मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून हजारो माणसं दगावली. पुढे लातूर-उस्मानाबादेत तगलेल्या घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम निघालं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी योजना घरोघरी समजावणं, अभियंत्यांशी बोलणं त्यांनी अंगावर घेतलं. भिंत ओळंब्यात आहे का, तिचे दोन्ही थर सांधणारे लांब दगड बसवलेत का, हे त्या तपासू लागल्या. काही जणी तर गवंडीकामच शिकल्या. गुजरातच्या २००१ च्या भूकंपानंतर इथल्या बाया तिथे अनुभव सांगायला गेल्या.

आजही बांधकामावर बाई बहुतेक वेळा बिगारीच दिसते. तेव्हा गावात गवंडीकामाचं प्रशिक्षण निघालं, तर लेकी-सुनांचीही नावं नोंदवा. थापी हाती आली, की मजुरीही गवंड्याचीच मागता येते.