तीन हिट पॉइंट्सचा चोर

आजचा विषय माझा एकदम लाडका आहे: टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये मला कमकुवत कॅरेक्टर खेळायला का आवडतं.

आधी उलटी बाजू बघू. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या नियमांत विझर्ड पाचव्या लेव्हलला पोचला की त्याला फायरबॉल टाकता येतो. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी नुकसान 28. साध्या गॉब्लिनचे हिट पॉइंट्स 7. म्हणजे त्याने अंग चोरून नुकसान निम्म्यावर आणलं, तरी बहुतेक वेळा तो गेलाच! मजा येते, नाही कशाला म्हणू? पण गॉब्लिनांनी भरलेली खोली दिसल्यावर ‘आता काय करायचं?’ हा प्रश्नच उरत नाही. उत्तर कॅरेक्टर शीटवर आधीच लिहिलेलं असतं.

आता 1981 चा बेसिक सेट घ्या. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूझरचे हिट पॉइंट्स चार बाजूंच्या एका फाशावर ठरतात. चिलखत नाही, हत्यार म्हणजे खंजीर, मंत्र दिवसाला एक. मग हा जगतो कसा? बाकीचे नियम बघा. समोर आलेला प्राणी लगेच अंगावर येईलच असं नाही. डीएम दोन फासे टाकून त्याचा मूड ठरवू शकतो. शिवाय एक्सपीचा मोठा वाटा मारामारीतून नाही, खजिन्यातून मिळतो. थोडक्यात, न लढता सोनं बाहेर काढणारा शहाणा.

आमच्या ग्रुपमधला एक प्रसंग सांगतो. पुलावर तीन गॉब्लिन. मूडच्या फाशांवर पडले 9, म्हणजे ऐकून घेतील. आम्ही जवळचं सुकं मांस दिलं आणि पुढची खबर काढली: आत ओगर झोपलाय, उशाला चांदीची पेटी. आमच्या चोराकडे हिट पॉइंट्स होते 3. ओगरचा फटका दहा बाजूंच्या फाशाचा, म्हणजे दहातल्या आठ आकड्यांवर चोर खलास. आवाज न करता चालायची शक्यता 20 टक्के. तरी तो म्हणाला, “मी जातो.” टेबलावर कुणी चिप्सच्या पुड्यालाही हात लावेना. फासे पडले: 17!

दीडशे हिट पॉइंट्सवाला हीरो त्याच खोलीत गेला असता तर आम्ही मान वर करून बघितलंही नसतं. धाडस धाडस वाटायला गमावण्यासारखं काहीतरी लागतं.

तुम्ही म्हणाल, “अरे, पण कॅरेक्टर पटापट मरतात त्याचं काय?” मरतात. म्हणून अशा गेममध्ये नवीन कॅरेक्टर दहा-पंधरा मिनिटांत तयार होणं गरजेचं. आणि डीएम लोकांनो, तुमची जबाबदारी मोठी आहे. धोका आधी दिसू द्या, पळायला वाट ठेवा, प्लेअरने डोकं लावलं तर त्याचं फळ द्या. अंधारातून अचानक बाण येऊन माणूस मेला, तर त्यात निर्णय कुणाचाच नव्हता. तो नुसता वैताग.

दिवसभर ऑफिसात डोकं पिकल्यावर कुणाला सरळ ड्रॅगन फोडायचा असेल, तर खुशाल फोडा. पण पुढचं कॅम्पेन एकदा पहिल्या लेव्हलपासून सुरू करून बघा. शीटवर उत्तर सापडलं नाही की सगळे एकमेकांकडे बघतात आणि बोलायला लागतात. मला खरा गेम तिथे सुरू झाल्यासारखा वाटतो.

तुमच्या सगळ्यात दुबळ्या कॅरेक्टरने काय पराक्रम केला, ते व्हॉइस नोटवर नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!