हिवाळ्यातील धाव आणि आपली मुले
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या गुणगौरव समारंभात धावण्याच्या शर्यती जिंकणारी मुलेमुली आता दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांपैकी कित्येक जण तीनचार वर्षांतच मैदानावरून नाहीसे होतात. त्याचे एक कारण, आमच्या मते, आपण हिवाळ्याचा जो उपयोग करतो, किंवा करीत नाही, त्यात आहे.

शालेय स्पर्धा उरकल्या की काही घरांत बूट माळ्यावर जातात. काही घरांत याच्या उलट घडते. थंडीत गावोगावी रस्त्यावरील शर्यती भरतात, रोख बक्षिसे लागतात. मग तेराचौदा वर्षांच्या मुलाला दर रविवारी नव्या गावी नेऊन पळविले जाते. पहिल्या घरी कमावलेला दम जातो, दुसऱ्या घरी दम कमावण्याची संधीच जाते.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी आर्थर लिडियर्ड नावाचे एक गृहस्थ होते. पादत्राणांच्या कारखान्यात काम करीत त्यांनी स्वतःवर प्रयोग करून सरावाची पद्धत बसविली. शर्यतींपूर्वी कित्येक आठवडे केवळ लांब, संथ धाव. मग टेकड्यांची चढण. आणि वेगाचा सराव शेवटी. ८०० मीटर धावणारा पीटर स्नेलही त्यांच्याबरोबर वायटारुआच्या डोंगराळ वाटेने २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर, धावे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्गने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. ती अंतरे प्रौढ धावपटूंची होती, मुलांनी त्यांचे अनुकरण करू नये. घ्यावयाचा तो क्रम: आधी पाया, मग वेग.

संथ धावेने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त बाहेर पडू लागते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात. हाडे व स्नायुबंध मात्र याहून सावकाश बळकट होतात. वाढत्या वयात दम आधी येतो आणि हाड मागे राहते. घाई केली की नडगी दुखू लागते. यास्तव अंतर हळूहळू वाढवावे, डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट धरावी आणि आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. धावताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले तर वेग अधिक झाला असे समजावे. पहाटेच्या गारठ्यात पाचदहा मिनिटे चालून अंग ऊब धरू लागल्यावरच धावावे आणि परतल्यावर घामाचे कपडे लगेच बदलावेत.

माताभगिनींना आमचे विशेष सांगणे आहे. धावणाऱ्या मुलीला भाकरी, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे व गूळ पोटभर मिळाला पाहिजे. सडपातळ राहावे म्हणून तिने कमी खाल्ले आणि तिची पाळी थांबली, तर तो सरावाचा गुण नव्हे. तिला डॉक्टरांकडे न्यावे.

घाई न करता काय साधते, याची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर, २०१५ साली, शर्यतींकडे वळले; २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळविले. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच प्रकारच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षाचे बक्षीस हा त्या वाटेवरील मुक्काम नव्हता.

शेवटी एक विनंती. परीक्षा जवळ आली म्हणून मुलाची धाव एकदम बंद करू नये. सकाळची अर्धी घटका मोकळी ठेवल्याने अभ्यास बुडत नाही. आणि आपल्या मंडळाने हिवाळ्यात लहान मुलांसाठी रोख बक्षिसांची शर्यत न भरविता, जे मूल थंडीभर नेमाने मैदानावर आले त्याला धावण्याचे चांगले बूट द्यावेत. त्यात शेवटून पहिले येणारे मूलही मानकरी ठरेल, आणि कदाचित तेच दहा वर्षांनी धावत असेल.