चिनी काच : संग्रह करावा का?

जुन्या बाजारात चिनी काचेची रंगीत कुपी दिसली, तर ती घ्यावी का? माझं मत, घ्यावी. पण कोरीव काम पारखून.

१६९६मध्ये सम्राट कांगशीनं बीजिंगमध्ये राजवाड्यासाठी काचेचा कारखाना उभारला. किलिआन श्टुम्फ या जर्मन जेझुइट धर्मगुरूची त्याला मदत होती. तिथल्या कारागिरांनी काचेला दगडासारखं वागवलं. दुधी काचेवर लाल किंवा निळ्या काचेचा थर चढवायचा आणि जेड कोरतात तसा तो फिरत्या चाकावर घासून कमळं, मासे, पक्षी उठवायचे. थोडी घाई झाली की तडा! तपकिरीच्या बोटभर कुप्यांवरचं हे काम पाहताना आजही मन भरून येतं. पुढे वाकड्या कुंचल्यानं कुपीच्या आतून चित्रं रंगवण्याची कलाही बहरली.

आता पारख. तळावरच्या चियनलाँग सम्राटाच्या मुद्रेवर विसंबू नका. ती नंतरच्या मालावरही सर्रास कोरली जाते. भिंग घ्या. हातानं कोरलेल्या नक्षीची कड धारदार लागते. साच्यातली कड बोथट असते, कधी सांध्याची रेघही दिसते. शिवाय शानतुंग प्रांतातल्या बोशानमध्ये काचकाम आजही चालतं, त्यामुळे नवा मालही सुबक असतो. तो आवडला तर जरूर घ्या, मात्र जुन्याची किंमत मोजू नका.

गुंतवणूक म्हणून नवख्यानं यात पडू नये. आधी संग्रहालयांतल्या अस्सल वस्तू डोळे भरून पाहा, मगच खिशात हात घाला.