मोसमाच्या मध्यावरचा सौदा

ज्या संघाने एकही सामना गमावलेला नाही, त्याच्या चाहत्यांना काळजी कसली असावी? परंतु २०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉस्टन आणि पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत नेमकी हीच चमत्कारिक स्थिती होती. तेथील व्यावसायिक फुटबॉलच्या राष्ट्रीय साखळीत बत्तीस संघ आहेत. त्यांपैकी तोवर अपराजित राहिलेले संघ दोनच. बॉस्टनकरांचा पेट्रियट्स संघ सातांपैकी सातही सामने जिंकून बसला होता आणि सॅन फ्रान्सिस्कोचा फोर्टीनाइनर्स संघ सहापैकी सहा. असे असूनही मंगळवार, २२ ऑक्टोबर रोजी, एकाच दिवशी, या दोन्ही संघांनी भर मोसमात दुसऱ्या संघाकडून एकेक अनुभवी खेळाडू मागून घेतला. त्याबद्दल त्यांनी जी किंमत मोजली, तिच्यावरून दोन्ही शहरांत रणे माजली.

येथे प्रथम एक खुलासा केला पाहिजे. कोलकाता, गोवा किंवा आपले कोल्हापूर येथे ज्याला फुटबॉल म्हणतात, तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा उपयोग चेंडू मारण्यासाठी क्वचितच होतो. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदानाची लांबी दोन गोलरेषांमध्ये शंभर यार्ड. खेळाडू प्रत्येक बाजूला अकरा. चढाई करणाऱ्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो, आणि दूर धावत जाऊन जो तो झेलतो, त्याला रिसीव्हर म्हणतात.

हे काम केवळ पळण्याचे आणि झेलण्याचे आहे असे मात्र कोणी समजू नये. चेंडू फेकणाऱ्याच्या हातून सुटतो तेव्हा पुष्कळदा रिसीव्हरची त्याच्याकडे पाठ असते. अमुक पावले झाल्यावर तो अमुक दिशेला वळेल, एवढ्याच भरवशावर चेंडू मोकळ्या जागेकडे फेकलेला असतो. समोरचा बचाव कसा उभा आहे हे दोघांनी स्वतंत्रपणे वाचावयाचे आणि दोघांनीही एकाच निष्कर्षावर यावयाचे, अशी ही जुगलबंदी आहे. गवई आणि तबलजी यांची बैठक जमण्यास जसा काळ लागतो, तसाच येथेही लागतो. आणि मोसमाच्या मध्यावर आलेल्या माणसापाशी काळच तेवढा नसतो. तिशी उलटलेल्या रिसीव्हरचे पाय थोडे मंदावलेले असतात, परंतु त्याने बचावाचे नाना प्रकार पाहिलेले असतात. तेव्हा घाईच्या प्रसंगी अननुभवी तरुणापेक्षा असा मुरलेला गडी बरा, हा सौद्याच्या समर्थकांचा पहिला मुद्दा होता.

आता किंमतीविषयी. या साखळीत पैशाच्या बळावर कोणालाही खेळाडू गोळा करता येत नाहीत, कारण प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा घातलेली असते. २०१९ साली ती अठरा कोटी ब्याऐंशी लाख डॉलर होती. त्यामुळे सौद्यात खरे चलन चालते ते निवडीच्या हक्काचे. दर वर्षी एप्रिलमध्ये विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुण खेळाडूंची सात फेऱ्यांत वाटणी होते. सर्वांत दुबळ्या संघाला प्रथम निवड, विजेत्याला शेवटी, असा तिचा मूळ नियम. म्हणजे संपत्तीच्या फेरवाटपाची एक योजनाच म्हणावयाची. पेट्रियट्सनी अटलांटा संघाला आपला दुसऱ्या फेरीतील हक्क देऊन तीस वर्षांच्या मोहम्मद सानूला आणले. फोर्टीनाइनर्सनी डेन्व्हरला तिसऱ्या आणि चौथ्या फेरीतील हक्क दिले आणि बत्तीस वर्षांचा इमॅन्युएल सँडर्स व त्याच्यासोबत पाचव्या फेरीतील एक हक्क पदरात पाडून घेतला.

मौज अशी की, ज्याच्यासाठी चाहते हमरीतुमरीवर येतात, तो निवडीचा हक्क म्हणजे प्रत्यक्षात कोणीच नसतो. तो एक असा मुलगा असतो, ज्याचे नाव अद्याप कोणाला ठाऊक नाही, जो कदाचित त्या क्षणी कोणत्या तरी विद्यापीठाच्या मैदानात दुखरा गुडघा चोळीत बसला असेल. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही आपली म्हण या वादाइतकी क्वचितच कोठे चपखल बसत असेल. तथापि विरोधकांचे म्हणणे हास्यास्पद नव्हते. पगारमर्यादेच्या राज्यात स्वस्त पगाराचे तरुण हेच संघाचे भांडवल असते, आणि भांडवल मोडून सण साजरा करणाऱ्या घराचे पुढे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

हा वाद चालतो तो सामन्यापूर्वी मैदानाबाहेरच्या मोटारतळावर चूल पेटवून बसलेल्या मंडळींत, मद्यगृहांत, आणि विशेषेकरून नभोवाणीवर. न्यूयॉर्क येथे १९८७ साली अहोरात्र केवळ खेळांनाच वाहिलेले नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि त्यानंतर अशी केंद्रे मोठ्या शहरांतून पसरली. तेथे श्रोता दूरध्वनी करतो, आपले मत ठणकावून सांगतो, निवेदक त्याला खोडून काढतो, आणि त्याची बाजू घेऊन पुढचा श्रोता निवेदकाशी भांडू लागतो.

बॉस्टनच्या बाजूचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा होता. संघ आदल्या वर्षीचा विजेता, परंतु त्याचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी बेचाळीस वर्षांचा झाला होता. त्याचा हक्काचा साथी रॉब ग्रॉन्काउस्की मार्चमध्ये निवृत्त झाला. सप्टेंबरमध्ये मोठ्या गाजावाजाने आणलेला अँटोनियो ब्राउन एक सामना खेळला आणि त्याला मुक्त करण्यात आले. पहिल्या फेरीत निवडलेला तरुण रिसीव्हर नकील हॅरी जायबंदी होता, जॉश गॉर्डनचीही तीच गत. सामने जिंकले जात होते ते बचावाच्या जोरावर. सौद्याच्या आदल्याच रात्री न्यूयॉर्कच्या जेट्स संघाला ३३–० असे लोळविले होते, त्यातही बचावाचा वाटा मोठा होता. समर्थक म्हणत, ब्रेडीच्या कारकिर्दीचे दिवस आता मोजकेच उरले आहेत. पुढच्या एप्रिलची वाट कोण पाहतो? शिवाय जिंकणाऱ्या संघाचा दुसऱ्या फेरीतील क्रमांक त्या फेरीच्या तळाशी येतो, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या फेरीचाच.

विरोधकांचा रोख निराळा होता. सानू चांगला आहे, भरवशाचा आहे, हे त्यांना मान्य होते. परंतु उणीव होती ती बचावाला मागे रेटणाऱ्या वेगवान खेळाडूची, आणि सानूचे सामर्थ्य जवळच्या अंतरावरचे. त्यात पेट्रियट्सची चढाईची पद्धत बाहेरून आलेल्या रिसीव्हरला आत्मसात करण्यास कठीण, अशी तिची ख्याती. २०११ साली नामांकित चॅड ओचोसिंकोला याच संघाने सौद्याने आणले होते. त्याला तर मोसमापूर्वीच आणले होते, तरी साऱ्या मोसमात त्याचे झेल भरले पंधरा. ज्याला मोसमाच्या मध्यावर आणावयाचे, त्याला ही विद्या कधी यावयाची? या बाजूचे पारडे त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरही जड होते, असे म्हणणे भाग आहे. माणूस चांगला आहे की नाही, आणि आपल्या घरात जे नाही ते त्याच्यापाशी आहे की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. किंमत मोजण्याच्या भरात त्यांची गल्लत होते.

सॅन फ्रान्सिस्कोतील शंका अगदीच निराळी होती. १८४९ साली सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोटलेल्या लोकांवरून ज्याचे नाव पडले, त्या या संघाने आदल्या वर्षी सोळांपैकी केवळ चार सामने जिंकले होते. आता एकाएकी यश आले. सौद्याच्या दोन दिवस आधी वॉशिंग्टन येथे मुसळधार पावसात त्यांनी ९–० असा विजय मिळविला, परंतु रिसीव्हरांची फळी कोवळी होती. जे इतकी वर्षे हाल सोसून बसले होते, त्यांना भीती वाटली ती भविष्य विकले जाण्याची. पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतील हक्क आधीच दुसऱ्या एका सौद्यात गेला होता. त्यात आता तिसरा आणि चौथाही गेला. सँडर्स बत्तिशीचा, दहा महिन्यांपूर्वी घोटेशीर तुटलेला, आणि करार त्याच वर्षी संपणारा. मोसम संपताच तो निघून जाईल आणि हाती काहीच उरणार नाही, हा त्यांचा हिशेब कागदावर बिनतोड होता.

अशा वादांत स्मरणशक्ती हे मोठे शस्त्र ठरते. मिनेसोटाचे नाव निघाले की जुने चाहते मान खाली घालतात. १९८९ साली त्या संघाने हर्शेल वॉकर या एका धावपटूसाठी डॅलसला पाच खेळाडू आणि पुढील वर्षांचे अनेक हक्क दिले. डॅलसने त्यांतून जो संघ उभारला, तो १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन मोसमांत विजेता झाला. याच मिनेसोटाने २०१० च्या ऑक्टोबरात आपला पूर्वीचा लाडका रिसीव्हर रँडी मॉस याला तिसऱ्या फेरीतील हक्काच्या बदल्यात परत आणले. चार सामने झाले, आणि महिना भरण्याच्या आतच त्याला मुक्त केले. परंतु असली उदाहरणे भांडणात जितकी कामी येतात, तितकी निर्णयात येत नाहीत. आग लागलेल्या घरांची यादी पाठ असली म्हणून आपल्या चुलीत लाकूड किती घालावे हे समजत नाही.

या साऱ्या गदारोळात ज्याचा सौदा होतो, त्याच्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. बहुतेक खेळाडूंना नकाराचा अधिकार करारानेच नसतो. सरकारी खात्यात वर्षाच्या मध्यावर बदलीचा हुकूम ज्याच्या हाती पडला आहे, मुलांची शाळा आणि भाड्याचे घर यांचा विचार करीत ज्याने तो हुकूम पुन्हापुन्हा वाचला आहे, त्याला या माणसाची अवस्था निराळी समजावून सांगावी लागणार नाही. पगार कोट्यवधींचा असतो ही गोष्ट खरी, आणि आपल्याकडील बदलीत प्रवासभत्त्याचा हिशेब मंजूर होण्यास जो काळ लागतो तोही तिकडे लागत नसावा. पण रुजू व्हावयाचे ते दोन-तीन दिवसांत, नवी परिभाषा शिकावयाची ती रातोरात. सँडर्सच्या बाबतीत तर आणखी एक गंमत झाली. प्रत्येक संघाला मोसमात एक आठवडा विश्रांतीचा मिळतो. डेन्व्हरचा तो आठवडा अजून यावयाचा होता आणि सॅन फ्रान्सिस्कोचा होऊन गेला होता. तेव्हा सोळा सामन्यांच्या मोसमात हा गृहस्थ सतरा सामने खेळला, तोही दुरुस्त केलेल्या पायावर.

पाच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, सँडर्स नव्या संघाकडून प्रथम उतरला आणि पहिल्याच चढाईत त्याने गुण मिळवून दिले. ८ डिसेंबरला न्यू ऑर्लिन्स येथे ४८–४६ अशा विलक्षण सामन्यात त्याने सात झेलांत १५७ यार्ड मिळविले, आणि एकदा स्वतःच चेंडू फेकून दुसऱ्याकरवी गुण नोंदविला. दहा सामन्यांत छत्तीस झेल, ५०२ यार्ड. संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सानूची सुरुवातही वाईट नव्हती. ३ नोव्हेंबरला बाल्टिमोर येथे त्याने दहा झेल घेतले, परंतु सामना गेला. पुढच्याच सामन्यात प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू परत आणताना त्याचा घोटा दुखावला, आणि मग तो पूर्वीसारखा दिसला नाही. आठ सामन्यांत सव्वीस झेल आणि २०७ यार्ड, एवढाच त्याचा जमाखर्च. यावरून सॅन फ्रान्सिस्कोचे विरोधक मूर्ख होते आणि बॉस्टनचे द्रष्टे होते असे ठरविणे सोपे आहे. पण सानूचा घोटा कोणाच्याच युक्तिवादात नव्हता.

शेवटची चेंडूफेक तर दोघांच्याही बाबतीत जवळजवळ सारखीच झाली. ४ जानेवारी २०२० रोजी टेनेसीविरुद्ध बाद फेरीत, एका गुणाने मागे असताना, अखेरच्या काही सेकंदांत ब्रेडीने चेंडू सानूच्या दिशेने फेकला. तो टेनेसीच्या लोगन रायनने पकडला आणि सामना २०–१३ असा संपला. ब्रेडीची पेट्रियट्ससाठी ती शेवटची फेक. २ फेब्रुवारीला मायामी येथे, कॅन्सस सिटीविरुद्ध चार गुणांनी मागे असताना, दीड-पावणेदोन मिनिटे उरली होती. सँडर्स बचावाच्या पलीकडे निसटला होता. क्वार्टरबॅक जिमी गरोपलोने चेंडू लांब फेकला आणि तो सँडर्सच्या पसरलेल्या हातांच्या पुढे जाऊन पडला. सामना ३१–२० असा हातचा गेला.

विरोधकांचे भाकीत मग अक्षरशः खरे झाले. मार्चमध्ये सँडर्स न्यू ऑर्लिन्सकडे निघून गेला आणि त्याची जागा भरण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोने एप्रिलच्या पहिल्या फेरीत ब्रँडन आयुक हा तरुण रिसीव्हर निवडला. डेन्व्हरने मिळालेल्या तिसऱ्या फेरीतील हक्कावर बचावातील एक खेळाडू घेतला. सानूच्या बदल्यात गेलेला हक्क अटलांटाकडून बाल्टिमोरकडे फिरला, आणि त्यावर निवडला गेलेला तो आजवर निनावी असलेला मुलगा म्हणजे जे. के. डॉबिन्स. सानूच्या घोट्यावर मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरच्या आरंभी पेट्रियट्सनी त्याला मुक्त केले. त्याच महिन्यात त्याला दुसऱ्या संघाने करारबद्ध केले. तो संघ सॅन फ्रान्सिस्कोचा होता, आणि या वेळी त्याच्यासाठी कोणताही हक्क द्यावा लागला नाही.