बालकांच्या सामुदायिक कवायती
(आष्टी येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



तीन वर्षांच्या बालकाच्या हाती पाटी देण्याची आपणांस फार घाई असते. परंतु ज्याचे खांदे व पाठ बळकट नाहीत, त्याची बोटे अक्षर कशी वळविणार? १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. या वयास दिवसातून किमान १८० मिनिटे हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. त्यास खर्च लागत नाही. फक्कीच्या रेषेवरून चालणे, बेडूकउड्या, एका पायावर तोल, टाळीच्या ठेक्यावर पावले, एवढे पुरे. समूहात बुजरे मूलही शेजाऱ्याचे पाहून उडी घेते. मुलींस मात्र ‘नीट बस’ म्हणून अडवू नये. आपले पटांगण रोज सायंकाळी अर्धा तास सर्व ज्ञातींच्या बालकांस खुले व्हावे, अशी आमची नम्र विनंती आहे.