शाळकरी मुलांच्या कण्याची तपासणी
(भाषणाचा मजकूर)



पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. हा संत्र्यांच्या बागांचा मुलूख. कोवळे कलम झुकू लागताच त्यास काठीचा आधार द्यावा लागतो. खोड जून झाल्यावर तो व्यर्थ ठरतो, हे येथील बागाईतदारास सांगावयास नको. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली मुलांच्या अस्थिदोषांवरील आपल्या ग्रंथात नेमके हेच चित्र दिले होते : वाकडे रोप व त्यास बांधलेला सरळ खांब.

पाठीचा कणा एका बाजूस वळून पिळला जातो, त्या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. १० ते १६ वर्षांच्या मुलांत शेकडा २ ते ३ जणांना तो असतो. बहुतेकांचा बाक सौम्यच राहतो. वाढत जाणारा बाक मात्र मुलींत अधिक आढळतो. त्याचे कारण बहुधा सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकडे बसल्याने तो होत नाही. म्हणून मुलास वा मुलीस बोल लावू नये. तो सहसा फारसा दुखत नाही, ओढणीखाली झाकला जातो आणि लग्नाच्या काळजीने घरची माणसेही गप्प राहतात. तोवर वाढीची मोलाची वर्षे निघून जातात.

लंडनचे शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ओळखली जाणारी तपासणी अगदी सोपी आहे. मुलाने पावले व तळहात जुळवून, गुडघे ताठ ठेवून कमरेतून पुढे वाकावे. मागून पाहता पाठीची एक बाजू उंच दिसते काय? उभे असता खांदे वरखाली आहेत काय? एक फरा अधिक पुढे येतो काय? यास अर्धे मिनिट पुरे. मुलींची तपासणी शिक्षिकेनेच, आडोशास व आईच्या समक्ष करावी.

ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. क्ष-किरण चित्रात बाक १० अंश वा अधिक भरला, तरच तो विकार मानतात. सरसकट तपासणीच्या लाभाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. तेव्हा किरकोळ फरकाने घाबरू नये. मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडातील अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या शेकडा ७२ मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. पट्टा न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ होते. हा पट्टा वाढीच्या वयातच उपयोगी पडतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने वर्षातून एकदा शाळेत यावयाचे असते. कार्यक्रमाच्या ३० विकारांच्या मूळ यादीत या बाकाचे स्वतंत्र नाव नाही. म्हणून शंका येताच शिक्षकांनी ते मूल पथकास आवर्जून दाखवावे आणि पालकांनी छिंदवाडा वा नागपूर येथील अस्थितज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करू नये. कलमास आधार वेळीच मिळतो. तोच न्याय लेकरांच्या कण्यासही मिळावा.