पाहुणा की भाडेकरू?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरी मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. काहीतरी उपयोगाचं बोला, फक्त व्याजदरावर नको." म्हणून मी असा विषय घेतलाय, की गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या वार्षिक सभेत गळती आणि पार्किंग सोडलं तर सगळ्यात जास्त आवाज त्याच्यावरच चढलेत. भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन राहणारे पाहुणे. आठ दिवसांसाठी येतात आणि आठ महिने राहतात, ते.

आपले ३२ फ्लॅट. सुरुवातीला त्यातला एकच भाड्याने होता, आज अकरा आहेत. इंदिरानगर म्हटलं की अंबड एमआयडीसी जवळ, कॉलेजं आणि क्लासेस रिक्षाच्या अंतरावर. त्यामुळे तीन-चार मुलं मिळून एक फ्लॅट घेतात. त्यात वाईट काही नाही. अडचण सुरू होते ती चौथ्या-पाचव्या मुलापासून, ज्याचं नाव करारात नसतं.

आता खरं सांगायचं तर या विषयावर बोलायचा मला दुहेरी अधिकार आहे. घरमालक म्हणून मी हा त्रास भोगलाय, आणि त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः तसा पाहुणा होतो.

१९७५ साली बँकेत लागलो आणि नाशिकला पोस्टिंग मिळालं. खोली मिळेना. त्याला कारण होतं. जुन्या मुंबई भाडे कायद्यात एक दुरुस्ती झाली होती, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर जागेत राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं होतं. त्यांची सोय झाली, पण पुढच्यांची पंचाईत. घरमालकांनी धसका घेतला. कुलूप परवडलं, भाडेकरू नको, असं लोक उघड म्हणायचे. मग मी पंचवटीत एका वाड्यात, मित्राच्या एका खोलीत उतरलो. "आठ दिवस रे," असं म्हणून. त्याला पाच महिने झाले.

वाड्याच्या मालकीणबाई एकट्या होत्या. एके दिवशी संध्याकाळी नळावर हातपाय धूत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाळ, तू पाहुणा का भाडेकरू? पाहुणा असशील तर जायची तारीख सांग. भाडेकरू असशील तर भाडं सांग."

आवाज चढवला नाही, की चारचौघांत अपमान केला नाही. मी मान खाली घालून म्हटलं, "भाडं सांगतो." पुढच्या महिन्यापासून पंधरा रुपये देऊ लागलो. वर्षभरानं बदली झाली तेव्हा त्यांनी डब्यात लाडू दिले. हे मी विसरलो नव्हतो, पण वेळेला आठवलं नाही. ते कसं, तेच आता सांगतो.

निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, आमचा वरचा फ्लॅट मी तीन मुलांना दिला. दोघं कंपनीत, तिसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. मुलं सालस. भाडं पाच तारखेच्या आत. अकरा महिने संपले तेव्हा मुलं म्हणाली, "काका, नवीन करार करायचाय ना?" मी म्हटलं, "करू रे, घाई काय आहे." आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावरच्या तारखा तपासल्या आणि स्वतःची तारीख टळू दिली!

तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाचा मामेभाऊ आला. इंटरव्ह्यूसाठी, आठ दिवस. दिवाळी झाली, संक्रांत झाली, होळी आली, तरी तो इथेच. गेटजवळ एक जास्तीची मोटरसायकल. रात्री दीडला लिफ्टचा आवाज. खालून तक्रारी येऊ लागल्या. पाण्याचीही तक्रार आली, आणि ती रास्त होती. पाण्याचा आकार आपण उपविधीप्रमाणे फ्लॅटमधल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर लावतो, माणसं मोजून नाही. माणूस वाढला तरी बिल तेवढंच, आणि वाढीव पाणी सगळ्यांच्या डोक्यावर.

मी चार वेळा विचारलं. चारही वेळा एकच उत्तर, "जातोच आहे काका." शेवटी डोकं फिरलं. एका सकाळी वॉचमनला घेऊन गच्चीवर गेलो आणि त्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद केला. आज हे सगळ्यांसमोर सांगताना लाज वाटते, पण रौप्यमहोत्सवात फक्त गौरव सांगायचे असं थोडंच आहे?

दुपारी खाली उतरलो तर आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्यात उभ्या. त्यांनी नातवाच्या हातून दोन बादल्या वर पाठवल्या होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, बँकेत हप्ता थकला की तुम्ही लोकांचं पाणी तोडत होतात का?"

काही बोलता आलं नाही. तसाच परत वर गेलो आणि व्हॉल्व्ह सुरू केला. नंतर वकील मित्राला विचारलं, तर त्यानं मला झापलंच. भाडेकरूचं पाणी, वीज असल्या अत्यावश्यक सोयी घरमालकानं तोडायच्या नाहीत, असं भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं. शिवाय कायद्याची वाट सोडून कुणाला जागेतून बाहेर काढलं, तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊन ताबा परत मागू शकतो. म्हणजे चूक त्यांची, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मी.

त्या रात्री मला त्या मालकीणबाई आठवल्या.

दुसऱ्या दिवशी मुलांना एकेकटं बोलावलं. हे आधीच करायला हवं होतं. सगळ्यांना एकत्र विचारलं की कुणीच बोलत नाही. परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, सात महिने मी स्वयंपाकघरात झोपतोय. लाइट बिल चौघांचं आहे, पण पैसे आम्ही तिघंच भरतो. बोललो तर मैत्री तुटेल." मी इतके महिने माझ्या त्रासाचा हिशोब मांडत होतो. खरा भुर्दंड हा मुलगा भरत होता, पैशानंही आणि अभ्यासानंही. एकत्र राहणाऱ्यांमध्ये असंच होतं. पाहुणा एकाचा असतो आणि अडचण दुसऱ्याची होते.

मग त्या पाहुण्याला बसवलं आणि तोच प्रश्न विचारला. "बाळ, तू पाहुणा का भाडेकरू?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला नोकरी लागून तीन महिन्यांत सुटली होती. घरी वडिलांना वाटत होतं, मुलगा अजून कामावर जातोय. तो लबाड नव्हता, अडकला होता. एक महिन्याची तारीख ठरली. कागदावर चौघांच्या सह्या घेतल्या. पंचविसाव्या दिवशी तो सातपूरला कॉट बेसिसवर राहायला गेला. आता गोष्टीचा शेवट गोड करता आला असता, पण तो तसा नाही. पुढच्याच महिन्यात अभ्यास करणारा मुलगाही फ्लॅट सोडून गेला. जाताना पाया पडला, पण म्हणाला, "काका, तुम्ही आधी विचारलं असतं तर थांबलो असतो." आठ वर्षं झाली, ते वाक्य अजून टोचतं.

आता थोडं कायद्याचं. कंटाळू नका, थोडक्यात सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. म्हणजे तो आणि आपली सोसायटी जवळजवळ एकाच वयाचे. त्यातल्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?" हा समज आपल्या राज्यात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर राहणारा ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, खोट्या आहेत हे सिद्ध करायचं आपण. माझ्याकडच्या मुलांनी "काकांनीच चौघांना तोंडी परवानगी दिली" असं सांगितलं असतं, तर मी काय करणार होतो?

उलट कागद नीट असेल तर कलम २४ आपल्या बाजूनं आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दरानं भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. करारात तीन नावं असतील तर तीनच.

आणि पाहुण्याचं काय? लायसन्स म्हणजे जागा वापरायची वैयक्तिक परवानगी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे ती दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. पाहुण्याचा आपल्याशी करारच नसतो. म्हणून नोटीस द्यायची ती ज्याच्याशी करार आहे त्याला. पाहुण्याशी गेटवर भांडून काही उपयोग नाही.

"पण काका, पाहुणा खूप वर्षं राहिला तर हक्क सांगेल ना?" असं बरेच जण विचारतात. यावर गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. मारिया मार्गारिदा फर्नांडिस विरुद्ध इराज्मो जॅक डि सिक्वेरा. भांडण सख्ख्या बहीण-भावाचं. बहिणीच्या घरात भाऊ राहत होता आणि ताबा माझाच म्हणत होता. खालच्या कोर्टात आणि हायकोर्टात भावाच्या बाजूनं निकाल लागला, सर्वोच्च न्यायालयात बहीण जिंकली. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की मित्र, नातेवाईक, राखणदार किंवा नोकर म्हणून फुकट राहू दिलेल्या माणसाला, तो कितीही वर्षं राहिला तरी, जागेवर हक्क मिळत नाही. पण एक लक्षात घ्या, त्या बहिणीला हे ऐकायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. निकाल आपल्या बाजूनं आहे म्हणून कागद ढिला ठेवू नका.

आता कामाच्या चार गोष्टी.

घरमालक सभासदांना माझी विनंती. करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला, आणि पाहुण्याचं एक कलम घाला. किती दिवस चालेल, त्यानंतर लेखी परवानगी, आणि कायम राहायचं असेल तर नवीन करारात नाव. पंधरा दिवस हा आकडा मला बरा वाटतो. पोलीस स्टेशनला माहिती द्या. फ्लॅट देण्याच्या आठ दिवस आधी कराराची प्रत आणि पोलीस माहितीची प्रत सोसायटीत द्या. आदर्श उपविधीप्रमाणे सोसायटीची परवानगी लागत नाही, पण कळवावं लागतं. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी कॅलेंडरवर खूण करा. माझ्यासारखं "घाई काय आहे" म्हणू नका.

भाडेकरू मुलामुलींना. इथे मागे उभे आहात, बरं वाटलं. एकत्र राहायला लागताच आपसात ठरवा, कुणाचा पाहुणा किती दिवस, आणि त्याचा लाइट-गॅसचा वाटा कोण भरणार. पहिल्या दिवशी बोलणं सोपं जातं, सातव्या महिन्यात भांडणच होतं. आणि घुसमट झाली तर काका-काकूंना सांगा.

कमिटीला. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटला ना-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ पासून हा नियम आहे. "पाहुणे फार येतात" म्हणून ते वाढवता येणार नाही. लिफ्ट बंद, पाणी बंद, गेटवर अडवणूक, हे नको. सभासदाला पत्र द्या. गेटवर पाहुण्यांची वही ठेवा, आल्याची आणि जाण्याची तारीख लिहा. वही बोलते, आपल्याला ओरडावं लागत नाही.

हे सगळं आजच का सांगतोय? येत्या ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. २००३ आणि २०१५ चे कुंभमेळे आपण या सोसायटीत राहून पाहिले. चुलत, मावस, आते, आणि ज्यांचं नातं सांगता सांगता दमछाक होते असे सगळे येणार. मालकांकडे येणार आणि भाडेकरूंकडेही येणार. येऊ देत. गोदाकाठच्या माणसानं पाहुण्याला नाही म्हणू नये. फक्त चहा देताना हसतमुखानं विचारा, "परतीचं तिकीट कधीचं काढलंय?"

तारीख विचारल्यानं पाहुणचार कमी होत नाही. पंचवटीतल्या त्या माउलीनं मला तारीख विचारली, आणि निघताना लाडूही दिले.

आपल्या सोसायटीला सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा. तोपर्यंत मी नसेन बहुधा. असलोच, तर वहीत माझीही तारीख लिहून ठेवा!